कंपाइल, टार्गेट आणि मिन एसडीके: तिन्ही आकडे एकत्र वाढवावेत का?

प्रश्न:
नमस्कार. नागपुरात आमचा चार जणांचा गट कळमना बाजारातील संत्र्यांचे भाव दाखवणारे अँड्रॉइड अ‍ॅप सांभाळतो. अ‍ॅपचे पाच मोड्यूल (स्वतंत्र भाग) असून एसडीकेचे (अँड्रॉइडच्या विकास साधनसंचाचे) कंपाइल, टार्गेट आणि मिन हे तीन आकडे प्रत्येकाच्या बिल्ड फाइलमध्ये (कोडपासून अ‍ॅप तयार करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) स्वतंत्र लिहिलेले आहेत. परवा एक लायब्ररी (तयार कोडचा संच) अद्ययावत करताच 'कंपाइल एसडीके किमान ३५ हवा' असे सांगून बिल्ड अडले. घाईत मी सगळीकडे तिन्ही आकडे ३५ केले. बिल्ड झाले खरे, पण आता अ‍ॅप माझ्याच अँड्रॉइड १३ च्या फोनवर बसत नाही आणि अँड्रॉइड १५ वर अ‍ॅपची शीर्षकपट्टी घड्याळाखाली सरकते. कोणता आकडा मागे घ्यावा?

उत्तर १:
मिन एसडीके. तो अ‍ॅपचा उंबरठा आहे. ३५ केल्यावर अँड्रॉइड १५ च्या खालचे सारे फोन बाहेर राहतात. काटोल-नरखेडच्या बागायतदारांकडे जुने फोन असणारच, म्हणून तो २४, म्हणजे अँड्रॉइड ७.०, ठेवावा असे मला वाटते. लायब्ररीची मागणी केवळ कंपाइल एसडीकेची, म्हणजे ज्या आवृत्तीवर कोड तयार होतो तिची, होती आणि तो वाढवल्याने फोनवरील वर्तन बदलत नाही. वर्तन बदलते ते टार्गेटमुळे, म्हणजे अ‍ॅप ज्या आवृत्तीच्या नियमांनी चालते तिच्यामुळे: ३१ ला एक्स्पोर्टेड (अ‍ॅपचा भाग इतर अ‍ॅपना उघडता येतो का) स्पष्ट लिहावे लागले, ३३ ला सूचनांची परवानगी मागावी लागली आणि ३५ ला मजकूर पडद्याच्या कडांपर्यंत जाऊ लागला, आपली शीर्षकपट्टी त्यामुळेच सरकली. तरीही टार्गेट मागे घेऊ नये, कारण ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नव्या अ‍ॅपसाठी आणि अद्यतनांसाठी किमान ३५ आवश्यक झाले.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण मूळ दुखणे पाच ठिकाणी लिहिलेल्या आकड्यांचे आहे. ग्रेडल या बिल्ड साधनाच्या व्हर्जन कॅटलॉगमध्ये (आवृत्त्यांच्या सामायिक यादीत) ते एकदाच लिहावेत आणि प्रत्येक मोड्यूलने तेथूनच वाचावेत. कॅटलॉगमधून आकडा मजकूर म्हणून येतो, त्यामुळे त्याचे पूर्णांकात रूपांतर करावे लागते. माझी एक दुपार यातच गेली होती. एखाद्या लायब्ररीचा मिन आपल्यापेक्षा मोठा निघाला, तर मॅनिफेस्ट (अ‍ॅपची आणि लायब्ररीची माहिती-फाइल) जोडताना बिल्ड थांबेल. तेव्हा ओव्हरराइड लायब्ररी (ही तपासणी टाळणारी सूचना) लिहून बिल्डचे तोंड बंद करता येते, परंतु मग तीच चूक जुन्या फोनवर अ‍ॅप कोसळून बाहेर येऊ शकते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मिन २४ केला, आकडे कॅटलॉगमध्ये नेले आणि इन्सेट (प्रणालीच्या पट्ट्यांनी व्यापलेली जागा) वाचून शीर्षकपट्टीही जागेवर आणली. भावांच्या यादीतील शेवटची ओळ मात्र अजून खालच्या नेव्हिगेशन पट्टीमागे लपते.

उत्तर १:
यादीला खालच्या इन्सेटएवढे पॅडिंग (मोकळी जागा) द्यावे आणि क्लिप-टू-पॅडिंग (त्या जागेतील मजकूर कापणे) फॉल्स करावे.