संरक्षित, मांडलिक की अंकित? ब्रिटिश साम्राज्याच्या काही शब्दांविषयी

मूळ प्रश्न

ब्रिटिश परराष्ट्र धोरणाच्या चढत्या-उतरत्या काळावर बीएच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. 'प्रोटेक्टरेट' या शब्दापाशी अडले. पाठ्यपुस्तकं 'संरक्षित राज्य' म्हणतात. पण इजिप्तचं उदाहरण घ्या. जुलै १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, सप्टेंबरात तेल-अल-कबीरला इजिप्शियन सेनानी उराबी पाशाच्या फौजेचा मोड झाला आणि देश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. तरी पुढची ३२ वर्षं इजिप्त कागदोपत्री तुर्की सुलतानाचाच होता. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान विरुद्ध बाजूला गेल्यावर, डिसेंबर १९१४ मध्ये, ब्रिटनने तो आपला प्रोटेक्टरेट असल्याचं जाहीर केलं. याला 'संरक्षित' म्हटलं, तर कोणापासून संरक्षण, हे वर्गात सगळ्यात आधी विचारलं जाईल. 'मांडलिक' म्हणावं का? की 'अंकित'? 'इनडायरेक्ट रूल' आणि 'पॅरामाउन्सी' (संस्थानांवरची ब्रिटिशांची वरचढ सत्ता) यांनाही नेटके शब्द हवे आहेत.

प्रतिसाद १

ताई, 'मांडलिक' नको. मांडलिक राजा खंडणी देतो, बोलावणं आलं की फौज घेऊन जातो, पण ती फौज त्याची स्वतःची असते. शेजाऱ्याशी तह करावा की भांडण, हेही बरेचदा तोच ठरवतो. ब्रिटिशांनी नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतल्या. त्या व्यवस्थेला मराठीत दोनशे वर्षांपासून शब्द आहे: तैनाती फौज.

'तैनात' म्हणजे नेमणूक, आणि त्या नेमणुकीसाठी ठरवून दिलेला पगारही. पेशवाईच्या कागदांत 'तैनातजाबता' येतो तो याच अर्थाने. म्हणजे फौज कुठे नेमली आणि तिचा खर्च कोणाच्या माथी, हे दोन्ही या शब्दात येतं. इंग्रजीत याला 'सब्सिडिअरी अलायन्स' असं मैत्रीच्या कराराच्या धर्तीचं नाव आहे. मला मराठी नाव जास्त खरं वाटतं, कारण ते फौजेला फौजच म्हणतं.

३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह काढून पाहा. दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचं सहा हजार पायदळ कायमचं ठेवून घ्यायचं. त्याच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांचे युरोपीय लोक चाकरीत ठेवायचे नाहीत. कंपनीला विचारल्याशिवाय कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मानायचा. यात 'खंडणी' हा शब्द कुठेही नाही, पण तहावर सही झाल्यावर पेशव्यापाशी स्वतंत्र म्हणावं असं फारसं काही उरलं नाही.

आणि हे निव्वळ हिंदुस्थानातलं राजकारण नव्हतं. गव्हर्नर-जनरल वेलस्ली मे १७९८ मध्ये कलकत्त्याला पोचला, जुलैत नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. फ्रान्स या बाजूने येईल ही धास्ती खरी होती. त्याच वर्षी निजामाने तैनाती फौज पत्करली आणि हैदराबादेतल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पलटणी मोडल्या गेल्या. विद्यार्थ्यांना हा धागा जरूर दाखवा. इजिप्तची किल्ली आणि हैदराबादची किल्ली ब्रिटिशांनी एकाच जुडग्यात ठेवली होती.

प्रतिसाद २

एक शंका. चौथ ही काय वेगळी होती? आमच्या स्वाऱ्यांपासून तुम्हाला त्रास होणार नाही, त्याबद्दल महसुलाचा चौथा हिस्सा द्या, असाच तो व्यवहार ना? चौथाई आणि वेलस्लीची पद्धत यांतलं साम्य न्यायमूर्ती रानड्यांनीही दाखवलं होतं. मग एकाला स्वराज्याचा विस्तार आणि दुसऱ्याला गुलामी म्हणणं मला पटत नाही.

प्रतिसाद ३

रानड्यांनी दाखवलेलं साम्य पैशापुरतं बरोबर आहे, आणि ज्यांनी चौथ भरली त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती जाचकच होती. हे आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने म्हणायला हवं. पण चौथ देणाऱ्या निजामाची फौज त्याची होती, त्याचे वकील पुण्यात होते, तो इंग्रजांशी आणि टिपूशी स्वतंत्र बोलणी करत होता. १७९८ नंतर त्याला ते करता येईना. माझ्या मते हा फरक पैशाहून मोठा आहे. राज्य कोणत्या गटात आहे हे ओळखायला दोनच प्रश्न पुरतात: फौज कोणाच्या हुकमाने हलते, आणि परमुलखात पत्र कोणाच्या परवानगीने जातं.

'वकील' या शब्दाकडेही थोडं लक्ष द्यावं. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्यात आला तेव्हा दरबाराच्या दृष्टीने तो इंग्रजांचा वकील होता, जसे आपले वकील दिल्लीला, हैदराबादला असत. वकील बरोबरीच्या माणसाचा असतो. एलफिन्स्टन १८११ मध्ये रेसिडेंट म्हणून आला तोवर तीच जागा दरबारावर नजर ठेवणाऱ्याची झाली होती. मुळा-मुठेच्या संगमावरचा त्याचा बंगला नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या लोकांनी जाळला, त्यामागे हाच राग होता. म्हणून त्या काळासाठी 'रेसिडेंट' हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवावा. 'निवासी अधिकारी' म्हटलं की सरकारी विश्रामगृहाचा व्यवस्थापक डोळ्यांसमोर येतो.

पुढे हाच रेसिडेंट साम्राज्यभर फिरला. १८७४ च्या पांगकोर करारात मलायातल्या पेराकच्या सुलतानाला रेसिडेंट दिला. मलय धर्म आणि रूढी सोडून बाकी सर्व बाबतींत त्याचा सल्ला विचारायचा आणि त्याप्रमाणे वागायचं, असं करारातच लिहिलं. 'सल्ला' शब्दाचा एवढा जबरीचा वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पहिला रेसिडेंट बर्च वर्षभरातच मारला गेला.

इजिप्तचं सांगायचं तर, तिथे १८८३ ते १९०७ पर्यंत खरा कारभार ज्याने चालवला तो एव्हलिन बेअरिंग, म्हणजे लॉर्ड क्रोमर. त्याचं अधिकृत पद फक्त एजंट आणि कॉन्सुल-जनरल असं होतं. गादीवर खेदिव (इजिप्तचा राजा), मंत्री इजिप्शियन, आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात इंग्रज 'सल्लागार'. हाच बेअरिंग १८७२ ते १८७६ या काळात व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचा खासगी सचिव होता. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं गेलं, ते त्याच कचेरीतून. राजा बदलायचा, राज्य ठेवायचं, हा धडा त्याने बडोद्याच्या प्रकरणात जवळून पाहिला होता.

प्रतिसाद ४

बडोद्याचं नाव निघालं म्हणून 'खालसा'बद्दल लिहितो. हा शब्द टिपणात हवाच. मूळ अरबी 'खालिस', म्हणजे निर्भेळ. महसुलाच्या भाषेत जो मुलूख जहागीर किंवा इनाम नाही, ज्याचा वसूल थेट सरकारात येतो तो खालसा. त्यावरून संस्थान मोडून थेट अमलाखाली आणणं म्हणजे 'खालसा करणं'. डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्यापासून सुरुवात केली, मग झाशी, नागपूर, आणि १८५६ मध्ये अयोध्या. 'विलीन करणं', 'जोडून घेणं' हे शब्द इथे फार मवाळ पडतात.

१८५७ चा तडाखा बसल्यावर १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात मुलूख वाढवायची इच्छा नाही असं सांगितलं गेलं. म्हणूनच मल्हाररावांनंतर बडोदं खालसा झालं नाही, दत्तक सयाजीराव गादीवर आले. हिंदुस्थानाबाहेर मात्र हे वचन पाळलं गेलं नाही. फ्रेंच इंडोचायनातून पुढे सरकतील या भीतीने ब्रह्मदेशावर स्वारी झाली आणि १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश सरळ खालसा केला. नामधारी राजासुद्धा ठेवला नाही. थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीकरांना थिबा पॅलेस माहीत असतो, पण त्या राजवाड्यामागचं परराष्ट्र धोरण शाळेत कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रतिसाद ५

मी 'संरक्षित राज्य' या शब्दाच्या बाजूने आहे. ती कायद्याची संज्ञा आहे. विद्यार्थ्याला स्पर्धा परीक्षेत तीच भेटणार, आणि प्रत्येक संज्ञेतून निषेध व्यक्त केलाच पाहिजे असं नाही. शिवाय इराणच्या आखातातल्या शेखांच्या बाबतीत संरक्षणाला थोडा अर्थही होता. १८९२ च्या करारांनी त्यांनी ब्रिटनखेरीज कोणाशी संबंध ठेवायचे नाहीत, कोणाला जमीन द्यायची नाही असं कबूल केलं. त्या बदल्यात मोठ्या शेजाऱ्यांपासून त्यांना आडोसा मिळाला. घरचा कारभार बऱ्याच अंशी त्यांचाच राहिला.

आखाताचा उल्लेख कराल तेव्हा मुंबईचं नाव वगळू नका. इराणच्या बुशायर बंदरातला ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. एडन १८३९ मध्ये घेतलं तेही मुंबई सरकारनेच, आणि विसाव्या शतकातही ते बराच काळ मुंबई इलाख्याचा भाग होतं. आखातात रुपया चालत असे. लंडनच्या परराष्ट्र खात्याइतकंच कलकत्ता-मुंबईचंही एक परराष्ट्र धोरण होतं आणि त्याचा बराचसा खर्च हिंदी तिजोरीतून निघत असे.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. 'संरक्षित राज्य' संज्ञा म्हणून ठेवते, आणि वर्णन करताना 'अंकित' वापरते. 'इनडायरेक्ट रूल'ला 'राजे राखून केलेला कारभार' असं एकदा उलगडून सांगेन, मग 'अप्रत्यक्ष अंमल' म्हणेन. पॅरामाउन्सी राहिलीच. आणि उतरत्या काळाचे शब्द?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

संस्थानी मराठीत पॅरामाउन्सीवाल्यांना 'सार्वभौम सरकार' म्हणत. आज तो शब्द 'सार्वभौमत्व'शी गोंधळतो, म्हणून 'अधिसत्ता' घ्या. संस्थानांशी असलेले ब्रिटिशांचे संबंध तपासणाऱ्या १९२९ च्या बटलर समितीने तिची व्याख्या करायचं टाळलं, अधिसत्ता अधिसत्ताच राहिली पाहिजे एवढंच सांगितलं. ज्या हक्काची हद्द लिहिलेली नाही तो हवा तितका ताणता येतो. संस्थानिकांची खरी तक्रार तीच होती.

उतरत्या काळासाठीही वरचे दोन प्रश्नच घ्या. अफगाणिस्तानचे परराष्ट्रसंबंध १८७९ च्या गंदमक तहाने ब्रिटिशांकडे गेले, ते १९१९ मध्ये सुटले. इजिप्तला फेब्रुवारी १९२२ मध्ये 'स्वतंत्र' जाहीर केलं, पण चार बाबी ब्रिटनने राखून ठेवल्या: साम्राज्याचे दळणवळण मार्ग, देशाचं संरक्षण, परकीय आणि अल्पसंख्याकांचे हितसंबंध, आणि सुदान. फौज तिथेच राहिली. म्हणून १९२२ साठी 'राखीव स्वातंत्र्य' असा शब्द मी सुचवेन. शेवटचे ब्रिटिश सैनिक सुवेझ कालव्यावरून हलले जून १९५६ मध्ये. २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. शरद ऋतूत ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी हल्ला केला, अमेरिकेने पाठ फिरवली, पौंड घसरू लागला आणि माघार घ्यावी लागली. जानेवारीत ब्रिटिश पंतप्रधान ईडन पायउतार झाले. सुवेझपलीकडचे तळ १९७१ अखेर सोडण्याची घोषणा १९६८ मध्ये झाली, तीही पौंडाच्या अवमूल्यनानंतर दोनच महिन्यांनी.

'डोमिनियन स्टेटस'ला 'वसाहतीचं स्वराज्य' हाच त्या काळातला मराठी शब्द आहे, तोच वापरा. १९२८ च्या नेहरू अहवालावरचा वाद (वसाहतीचं स्वराज्य की पूर्ण स्वातंत्र्य) त्याशिवाय कळणार नाही. आणि 'ब्रिटिश राष्ट्रकुल' व 'राष्ट्रकुल' यांत फरक करा. एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक भारताला आत राहता यावं म्हणून 'ब्रिटिश' हे विशेषण गळलं.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

एक छोटी भर. आमच्या सांगली-मिरजेकडे जुनी माणसं १९४८ बद्दल बोलतानाही 'संस्थान खालसा झालं' असंच म्हणत. बोलण्यात ते चालतं, टिपणात नको. दक्षिणेतल्या संस्थानिकांनी करारावर सह्या केल्या आणि ८ मार्च १९४८ ला संस्थानं मुंबई प्रांतात गेली. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला आणि बडोदं त्याच वर्षी १ मे रोजी गेलं. तेव्हा सातारा 'खालसा' लिहा आणि सांगली 'विलीन'.