प्रति: अनोळखी बागायतदाराकडे जावं का?

प्रवासात ओळख नसलेल्या बागायतदाराकडे जायला संकोच वाटतो, असं तुम्ही वर लिहिलंय. बिनधास्त जा. फक्त आदल्या दिवशी फोन करा आणि आंबा उतरवायच्या गडबडीत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, शक्यतो नको.

आम्ही कोल्हापूरहून गगनबावड्यावरून घाट उतरतो तेव्हा डिकीत बागायतदाराला द्यायला गुळाची ढेप असतेच. गेल्या खेपेला वेंगुर्ल्याजवळ एका काकांनी कोकमाची कलमं दाखवली. कोकमात नर-मादी झाडं वेगळी. बी लावलं तर फुलं येईपर्यंत, 6-7 वर्षं, काहीच कळत नाही. म्हणून मादी झाडाचं कलमच घ्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. नवं कळलं ते काडीचं, म्हणजे कलम करताना रोपावर बांधतात त्या फांदीच्या तुकड्याचं. सरळ शेंड्याची काडी बांधली तर झाड उभं वाढतं, आडव्या फांदीची बांधली तर पसरतं. दोन्ही झाडं शेजारीशेजारी होती: एक सरळसोट, दुसऱ्याच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. नुसतं वाचून हे डोक्यात बसलं नसतं.

एक कळकळीची विनंती, आत शिरण्याआधी बुटांची माती धुवा. मूळं कुजवणारा रोग, मूळकूज, मातीतूनही एका बागेतून दुसरीत जातो. आणि न विचारता काडी तोडू नका हो.

आजऱ्याकडे आलात तर आमच्याकडे या, काजूची कलमं दाखवतो.