जँगो टेम्प्लेटमध्ये गुणाकार होईना, कस्टम टॅग कसा लिहू?

वडगावकर:
मंडळी, बेळगावात एका मिठाईच्या दुकानासाठी जँगोत (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) बिलाचं पान करायलोय. कुंदा 0.75 किलो, दर 480, इतकं सरळ गणित, पण टेम्प्लेटात (पानाचा साचा) गुणिलेची खूण टाकली की एरर येतोय, आणि बेरजेला ॲड फिल्टर लावला तर 12.50 आणि 0.75 मिळून 12 दाखवतोय, वरचे पैसे गेले कुठं? दोन रात्री झोप नाही, सांगा की कुणीतरी.

खानापूरकर:
ॲड फिल्टर आधी दोन्ही आकडे इंटिजर (पूर्णांक) करून बघतो, म्हणून पैसे उडतात. गुणाकाराला विड्थरेशो वापर म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस भावा, तो टॅग बार चार्टची रुंदी काढायला केलाय, उत्तर राउंड करतो. तुझ्या ॲपात टेम्प्लेटटॅग्ज नावाचं फोल्डर कर, आत इनिटची (__init__.py) रिकामी फाइल ठेव, दुसऱ्या फाइलीत दोन आकडे गुणणारं फंक्शन लिहून त्याच्यावर सिंपल टॅगचा डेकोरेटर (फंक्शनाच्या वर लिहायची, त्याचा टॅग बनवणारी ओळ) लाव, मग टेम्प्लेटात लोड कर. सर्व्हर मात्र बंद करून परत सुरू कर, नाहीतर टॅग सापडत नाही म्हणतोय.

निपाणीकर:
टॅग चालतोय, पण बिलाची रक्कम मॉडेलातच (डेटाबेसातल्या नोंदीचा क्लास) मेथड म्हणजे फंक्शन लिहून काढा असं मला मनापासून वाटतं, उद्या तेच बिल पीडीएफला लागणार. आणि फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, डेसिमल (दशांश जसाच्या तसा ठेवणारा) घ्या. फ्लोटात 0.1 अधिक 0.2 केलं तर 0.30000000000000004 येतंय, गिऱ्हाइकाचा पैसा आहे तो.

वडगावकर:
360 आलं बघा! सर्व्हरच रिस्टार्ट केला नव्हता. एकूण बेरीज आता मॉडेलात हलवतोय, लई उपकार झाले.