तुमची वंशावळ कुठपर्यंत लागली? कागद, तीर्थावरच्या पंड्याच्या (पुरोहिताच्या) वह्या, डीएनए, सगळे अनुभव सांगा

वंशावळ म्हटलं की नागपुरात आधी जात पडताळणीच आठवते. पोराची अ‍ॅडमिशन तोंडावर आली की कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढा, शाळेचं दाखल-खारीज शोधा, आजोबा-पणजोबांची नावं जोडून प्रतिज्ञापत्र करा, आणि व्हॅलिडिटी हातात पडली की फाईल कपाटात. आमची फाईल परत बाहेर निघाली ती अमेरिकेतल्या चुलतभावाने डीएनए टेस्ट केली म्हणून. त्याला तिकडेच राहणारी एक बाई जुळली, मूळ सौंसरची, साधारण 230 सेंटीमॉर्गन (दोघांचं डीएनए किती जुळतं त्याचं माप), म्हणजे दोघांचे पणजोबा एक असावेत इतकं जवळचं, आणि तिचं आडनाव आमच्या घरात कोणी कधी ऐकलेलंही नाही. वंशावळीत पाहिलं तर पणजोबांना चार मुलगे, मुलगी एकही नाही. पडताळणीला बापाकडचीच ओळ लागते, त्यामुळे मुलींची नावं कोणी लिहितच नाही. मग काटोलकडच्या आमच्या गावाचं कोतवाल बुक पुन्हा बघितलं, त्यात पणजोबांच्या नावासमोर नुसती 'मुलगी' अशी नोंद, तारीख आहे, जात आहे, नाव नाही. त्या बाईच्या वडिलांना मात्र आपल्या आईचं माहेर, गावाचं नाव, घरासमोरची विहीर, सगळं पाठ. 1956 ला सौंसर ज्यात होतं तो छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला, आपण इकडे मुंबई राज्यात आलो, म्हाताऱ्या माणसांचं येणंजाणं आटत गेलं आणि दोन पिढ्यांत बाबांची एक अख्खी आत्या घरातून पुसली गेली. मला हे फार लागलं. आता व्हिडिओ कॉलवर तिचे वडील माझ्या बाबांना दादा म्हणतात.

तुमच्याकडे असं काही निघालं असेल, कागदातून किंवा टेस्टमधून, तर लिहा. सविस्तर लिहा.

महालकर:
आमची मालगुजारीत (आपल्याकडची जुनी जमीनदारी) पत्ती होती, म्हणजे गावाच्या 16 आण्यांतले काही आणे आमचे. मालगुजारी 1951 ला गेली पण बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याचे जुने कागद रेकॉर्ड रूमला मिळतात, पहिला बंदोबस्त तर 1860 च्या दशकातला. त्यात वंशावळ वाचायची ती आण्यांवरून. चार आण्यांचे पुढच्या नोंदीत दोन-दोन आणे झाले की समजायचं दोन भाऊ वाटेकरी झाले. आणि बायका कुठे सापडतात माहीत आहे? नवरा वारल्यावर. 'बेवा अमुक' म्हणून पत्ती तिच्या नावावर चढते, आमच्या खापरपणजीचं नाव मला तिथे मिळालं, घरात कोणालाच माहीत नव्हतं. जन्माच्या वेळी नाही, लग्नाच्या वेळी नाही, विधवा झाल्यावर सरकारदरबारी तिचं नाव लागलं.
जाताना मौजा, जुनी तहसील आणि जुना खसरा (जमिनीचा) नंबर घेऊन जा, नुसत्या आडनावावर कोणी रजिस्टर उघडत नाही. घरच्या वह्या मोडीत असतील तर फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला आधी सनावळी आणि नावं तेवढी वाचायला सांगा, पूर्ण लिप्यंतर नंतर.

उमरेडवाला:
आमच्या बाबाले गयेले नेलं तवा पंड्यानं आधी जिल्हा इचारला, मंग गाव, मंग आडनाव, अन् वहीच काढून ठेवली समोर. त्याच्यात आबाजीच्या बापाची सही, मोठी मोठी अक्षरं. बाबा कितीक वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसले होते. हरिद्वारच्या वह्यांची तं यूटाच्या जिनिऑलॉजिकल सोसायटीनं मायक्रोफिल्म बी केली हाये. जो कोणी जाईन त्यानं पोरी, सुना, बहिणी, साऱ्याईची नावं लिवून या.

धंतोलीहून:
मी बायोलॉजी शिकवते म्हणून डीएनएबद्दल थोडं. अ‍ॅपमध्ये जे नातं दाखवतात ते सेंटीमॉर्गनच्या बेरजेवरून काढलेला अंदाज असतो, आणि आपल्याकडे तो बरेचदा जास्त जवळचा येतो. पिढ्यान् पिढ्या त्याच जातीत लग्नं, त्यात कित्येक घरांत मामाची मुलगी करायची पद्धत, म्हणजे दोन माणसं एकाच वेळी तीन-चार वाटांनी नातेवाईक असतात आणि सगळ्या वाटांची बेरीज एकत्र दिसते. म्हणून एकूण आकड्यापेक्षा सगळ्यात लांब तुकडा केवढा आहे ते बघा, लांब तुकडा सहसा जवळच्या पूर्वजाकडून येतो. उलट बाजूही लक्षात ठेवा, खापरपणजोबा एक असलेल्या दहातल्या साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही, म्हणून टेस्टमध्ये आलं नाही यावरून नातं नाही असं म्हणू नका. वाय क्रोमोसोम फक्त बाप ते मुलगा जातो, मायटोकाँड्रिया आईकडून. आईच्या आईची आई शोधायची तर त्या बाजूचे कागद सगळ्यात कमी असतात, पण रक्तात ती ओळ अख्खी असते.
आणि मोठ्यांचं सँपल घेण्याआधी त्यांना नीट समजावून सांगा की घरातलं झाकलेलंही बाहेर येऊ शकतं. नाही म्हणाले तर नाही.

कुहीची लेक:
आमच्या घरी हे सिकलसेलमुळे, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारामुळे सुरू झालं. माझ्या भाचीला सारखे सांधे दुखायचे, कावीळ व्हायची, शेवटी इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीत एसएस, म्हणजे आजारच निघाला. आईवडील दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक, दोघांनाही कधी काही त्रास नाही. दोघं एएस असले की प्रत्येक बाळ एसएस निघायची 25 टक्के शक्यता असते, हे लग्नाआधी कोणी सांगितलंच नव्हतं. मग मी आजीजवळ बसून विचारत गेले, कोण लहानपणी गेलं, कोणाचे हातपाय दुखायचे, कोणाला सारखं रक्त चढवावं लागायचं. आजीने जी नावं सांगितली ती जवळपास सगळी तिच्या माहेरची निघाली, आमच्या कुठल्याच कागदात नसलेली. आता त्या सगळ्या घरांना फोन करून तपासणी करायला लावून राहिली आहे, आधी सोल्युबिलिटी ही साधी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस. 2023 पासून केंद्राचं सिकलसेल मिशन आहे, तपासणीला पैसे लागत नाहीत. काही जण चिडतात, पोरीचं लग्न मोडेल म्हणतात, तरी मी पुन्हा लावते फोन. वहीत प्रत्येक नावापुढे एए (दोष नसलेला), एएस लिहिते आणि बाईचं माहेर लिहितेच.
कुही, भिवापूर, पवनी भागात कोणाची आजी मांढळकडून आली असेल तर मला सांगा, याद्या जुळवून बघू, दोन घरांचा पत्ता अजून लागायचा आहे.