‘खुंटा’ उपटायला निघालेल्या गायकाने आमदार व्हायला हवं होतं का?

सायली_वाचते (धागाकर्ती)

गेले दोन आठवडे ल्युईस ल्याकशिवाय दुसरं काही ऐकलेलं नाही. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म १९४८, स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातल्या जिरोनाचा. लहानपण जवळच्या व्हेर्जेस या खेड्यात गेलं. घरची भाषा कॅटलान, म्हणजे जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीने शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार केलेली. वडील गावचे डॉक्टर, राजवटीच्या बाजूचे. मुलगा मात्र गावच्या न्हाव्याच्या नादी लागला. न्हाव्याचं नाव नार्सिस, लाडाने सिसेत, आणि तो पक्का फ्रँकोविरोधी.

१९६८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ल्याकने त्या म्हाताऱ्यावर ‘लेस्ताका’ हे गाणं रचलं. लेस्ताका म्हणजे खुंटा. पहाटे दोघं दारात उन्हाची वाट बघत बसलेत, समोरून गाड्या जाताहेत. म्हातारा म्हणतो, आपण सगळे ज्याला बांधलेले आहोत तो खुंटा दिसतो ना? तू तिकडून ओढ, मी इकडून ओढतो. सगळ्यांनी ओढला तर पडेलच, आतून कुजला असणार. पोरगा म्हणतो, आजोबा, माझे हात सोलवटून निघालेत. जोर कमी पडला की खुंटा उलट अजूनच जाड झाल्यासारखा वाटतो.

ते सोलवटलेले हात माझ्या डोक्यातून जात नाहीत. गाण्यात कुठेही देशाचं नाव नाही, पक्षाचं नाही, फ्रँकोचं तर नाहीच. म्हणूनच ते पोलंडमध्ये पोचलं, ट्युनिशियात पोचलं, फ्रान्समधल्या पेर्पिन्याच्या रग्बी मैदानावर पोचलं. २०१४ साली माद्रिदमध्ये पोदेमोस या पक्षाच्या अधिवेशनातही लोकांनी ते म्हटलं, तेही कॅटलानमध्येच.

आणि या माणसाने २०१५ मध्ये कॅटलोनियाला, म्हणजे त्याच ईशान्य भागाला, स्पेनपासून वेगळं करू पाहणाऱ्या स्वातंत्र्यवादी आघाडीकडून जिरोनातून निवडणूक लढवली आणि आमदार झाला. २०१७ साली एका सभेत म्हणाला की नव्या राज्याचा कायदा जे सरकारी कर्मचारी पाळणार नाहीत त्यांच्यावर कारवाई होईल, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्रास होईल. मला हे वाचून फार लागलं. ज्याने खुंट्याला बांधलेल्यांचं गाणं लिहिलं त्याच्या तोंडी दावं बांधणाऱ्याची भाषा! माझं मत स्पष्ट आहे: त्याने गाणं सगळ्यांना दिलं होतं आणि आमदारकीपायी ते एका बाजूचं करून टाकलं.

कोकणकडा

ठाम असहमत. ताई, तुम्ही ल्याकला एका गाण्यात बसवताय. तो ‘सगळ्यांचा’ कधी होता?

सुरुवातच बघा. १९६७ मध्ये तो ‘एल्स सेट्झे जुत्जेस’ या गायकांच्या गटात शेवटचा, म्हणजे सोळावा सभासद म्हणून गेला. नावाचा अर्थ ‘सोळा न्यायाधीश’. एक जीभ अडखळवणारं कॅटलान वाक्य आहे, सोळा न्यायाधीश फाशी दिलेल्याचं यकृत खातात असलं काहीतरी, त्यातून ते घेतलंय. ज्याची मातृभाषा कॅटलान नाही त्याला ते नीट म्हणता येत नाही. त्या काळात या भाषेत गाणं हीच बाजू घेणं होतं. पुढे गाण्यावर बंदी आली, ल्याकला पॅरिसला जावं लागलं, १९७३ मध्ये तो तिथल्या ऑलिम्पिया थिएटरात गायला.

फ्रँको गेला तरी तो गप्प बसला नाही. ३ मार्च १९७६ ला व्हितोरियात संपावरच्या कामगारांची सभा एका चर्चमध्ये चालली होती. पोलिसांनी आत अश्रुधूर सोडला आणि गुदमरून बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. त्यावर ल्याकने ‘मृतांसाठी घंटानाद’ अशा अर्थाची दीर्घ रचना केली. मग समाजवाद्यांचं सरकार आलं. नाटोतून बाहेर पडण्याची भाषा करत निवडून आलेल्या फेलिपे गोन्झालेझ यांनी १९८६ च्या सार्वमतात नाटोत राहण्याचा प्रचार केला. ल्याकने वचनभंग केला म्हणून पंतप्रधानांवर तक्रार ठोकली. असा माणूस विधिमंडळात गेला तर त्यात नवल काय? मला तर तो न जाता तर खटकलं असतं.

अनिरुद्ध_क

मी सायलीताईंच्या बाजूने. ल्याकबरोबर सेरातला ठेवून बघा.

जोआन मानुएल सेरात हा त्याच सोळांतला, बार्सिलोनाचा. १९६८ च्या युरोव्हिजन स्पर्धेत स्पेनतर्फे तो गाणार होता. त्याने सांगितलं, गाईन तर कॅटलानमध्ये. त्याला काढलं. त्याच्याऐवजी मासिएल स्पॅनिशमध्ये गायली आणि पहिली आली. सेरात सरकारी रेडिओ-टीव्हीवरून गायब. पुढच्याच वर्षी त्याने मचादो या कवीच्या कविता स्पॅनिशमध्ये गायल्या तेव्हा कॅटलानवाले रुसले. १९७५ च्या सप्टेंबरात राजवटीने पाच जणांना गोळ्या घातल्या. सेरात मेक्सिकोतून त्याविरुद्ध बोलला आणि त्याला परत येणं मुश्कील झालं. आणि २०१७ मध्ये कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याचं सार्वमत पारदर्शक नाही एवढंच म्हणाला, तर आपल्याच गावच्या लोकांकडून ‘फॅसिस्ट’ ही शिवी खाल्ली!

दोन्हीकडून मार खाल्ला, पण कुणाच्या यादीत नाव घातलं नाही. गायकाची जागा मला तिथे वाटते.

कोकणकडा

@अनिरुद्ध_क, सेरातबद्दल आदर आहेच. पण २०१७ मध्ये त्यानेही मतच मांडलं ना? ते तुम्हाला पटतं म्हणून तो ‘गायकाच्या जागेवर’, आणि ल्याकचं पटत नाही म्हणून तो जागा सोडून गेलेला. हे माप मला मान्य नाही. ल्याकने निदान स्वतःचं नाव मतपत्रिकेवर घातलं, ज्याला नको त्याने पाडावं.

रावी_ता

पोलंडचा उल्लेख आला म्हणून सांगते. यात्सेक काच्मार्स्की या पोरसवदा कवीने १९७८ मध्ये ‘लेस्ताका’च्या चालीवर ‘मुरी’ लिहिलं, म्हणजे ‘भिंती’. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीचं ते गीत झालं. पण लोक काय म्हणत होते? भिंती पडतील, पडतील! मूळ कवितेत शेवटी भिंती पडत नाहीत, वाढतात. गर्दी गायकाचं गाणं घेऊन पुतळे पाडत निघते, जो एकटा तो आपला शत्रू असं ओरडते, आणि गायकही एकटाच मागे उरलेला असतो. लोकांनी ते कडवं सोडूनच दिलं.

मला यातून एवढंच दिसतं की गाणं ल्याकच्या हातात राहिलंच नव्हतं. २०२० मध्ये बेलारूसचे लोक रस्त्यावर हेच म्हणत होते तेव्हा ल्याक कुठल्या आघाडीत होता हे किती जणांना ठाऊक असेल? त्याच्या आमदारकीने गाणं लहान होईल ही भीती मला पटत नाही. पण ते कर्मचाऱ्यांबद्दलचं वाक्य मलाही बोचलं.

उंबरठा

मी जिरोनातच राहतो, २०१७ लाही इथेच होतो. त्या शरद ऋतूत रात्री दहाच्या ठोक्याला लोक बाल्कनीत येऊन भांडी बडवायचे. आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या आसपास. त्यांचं एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, लाकडी डावाने बडवून बडवून त्याला बुडाशी पोचे पडले होते. दहा मिनिटं बडवायचं, मग थांबायचं. थांबलं की समोरच्या इमारतीतून कुणीतरी ‘लेस्ताका’ सुरू करायचं आणि बाई खालच्या पट्टीत साथ द्यायच्या. पण त्याच गल्लीत खिडक्या लावून घेणारी घरंही होती. त्यांतलं एक माझ्या सहकाऱ्याचं. त्याचे आईवडील दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातून आलेले, स्वतः हुकूमशाहीविरुद्ध संपात उतरलेले. तो मला म्हणाला, हे गाणं माझ्या वडिलांनीही म्हटलंय, आता माझ्या खिडकीवर मारतायत.

दोन्ही बाजू मी एका जिन्यावर ऐकल्यात, त्यामुळे पटकन निकाल देता येत नाही.

सायली_वाचते

रावीताई, ‘मुरी’चा शेवट माहीत नव्हता, काल रात्री तीनदा ऐकलं. गाणं लहान झालं हे माझं म्हणणं मी मागे घेते. कोकणकडा, तो पहिल्यापासून बाजूचाच होता हेही मान्य. पण कर्मचाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्यावर मी हटणार नाही. मतपत्रिकेवर नाव घालण्याचं धैर्य वेगळं, आणि सत्तेच्या बाकावरून कुणाला त्रास होईल हे सांगणं वेगळं. त्याने २०२४ मध्ये स्वातंत्र्यवाद्यांच्या सर्वात मोठ्या नागरी संघटनेचं अध्यक्षपद घेतलं तेव्हाही मला पहिलं तेच वाक्य आठवलं.

उंबरठा, एक विचारू? तुमच्या त्या बाईंनी २०१५ मध्ये त्याला मत दिलं होतं का?

उंबरठा

आज दुपारी विचारलं. ‘नाही’ म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. मग वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, व्हेर्जेसला कधी जाणार असशील तर मला घेऊन चल, सिसेतचं दुकान कुठे होतं ते दाखवते.