१८९५ सालच्या प्रवेशासाठी मेमसाहेबचा गाऊन आणि केक

नेपथ्य_परभणी: दोन अंकी नाटक, काळ १८९५, औरंगाबाद छावणीतला इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला. मुलीच्या वाढदिवसाचा केक मेमसाहेबने कापून एक तुकडा खायचा आहे. प्रयोग एप्रिलात, हॉलला एसी नाही, क्रीम लाइटखाली उतरतं. गाऊन भाड्याने मिळतोय, कमरेमागे उंचवटा असलेला. चालेल? आणि निजामाच्या दरबारातल्या पाहुण्याला काय घालावं?

सुईदोरा: तो गाऊन नका घेऊ. कमरेमागचा उंचवटा, म्हणजे बसल, १८८५ च्या आसपासचा. १८९५ पर्यंत तो गेला आणि सगळा फुगा बाह्यांत आला. स्कर्ट सात कळ्यांचा, पुढून सपाट, घोळ मागे. बाही कोपरापर्यंत फुगीर, खाली घट्ट. नुसत्या चुण्या घातल्या तर घामाने बाही पडते; खांद्याच्या शिवणीला आतून कडक नेटची झालर लावा. आधी मांजरपाटावर फिटिंग बघा. चेन नको, तेव्हा कपड्यांना नव्हतीच. वेल्क्रोही नको, विंगेतून चर्र ऐकू येतं. पाठीला हूकपट्टी बरी.

पांढरंशुभ्र कापड लाइटमध्ये इतकं चमकतं की चेहरा दिसत नाही. सुती घ्या आणि चहात बुडवा: ५ लिटर पाण्याला ५० ग्रॅम पूड, उकळून गाळायची, १५ मिनिटं कापड हलवत राहायचं. कांजी आधी धुवून काढा, नाहीतर डाग उठतात. पॉलिस्टरला हा रंग धरत नाही.

पाहुण्याला शेरवानी आणि रुमी टोपी, म्हणजे गोंड्याची तुर्की टोपी. हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, औरंगाबादचंच, शोभेल, पण अस्सल महाग पडतं. त्यापेक्षा साधं ब्रोकेड घेऊन उलटी बाजू बाहेर ठेवा. जरतार मंद दिसते, रांगेतून फरक कळत नाही.

केकघर_लातूर: केक थर्माकोलचा करा, खालचा थर १० इंच, वरचा ७. पांढऱ्या फेविकॉलनेच चिकटवा. रबर सोल्युशन किंवा स्प्रे पेंट लावलात तर थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. वरून अॅक्रिलिक पुट्टीचे दोन पातळ हात, वाळल्यावर पॉलिश पेपर. नक्षीसाठी त्याच पुट्टीत थोडं फेविकॉल घालून स्टार नोझलच्या कोनाने काढा. गुलाबी-निळी क्रीमची फुलं नकोत, ती आजची वाटतात.

वरच्या थरात एका तुकड्याएवढी खाच कापा, आत बटर पेपर. तिथे खरा केक. खाचेवर लाल फूल ठेवून खूण करा, कारण सुरी थर्माकोलला लागली की किर्र होतं आणि प्रेक्षक हसतात. खरा तुकडा फ्रूट केकचा ठेवा. कोरडा स्पंज घशात बसतो, पुढचं वाक्य अडकतं. स्पंजच हवा असेल तर साखरेचा पाक पाजा. त्यावर रॉयल आयसिंग: एका अंड्याच्या पांढऱ्याला २२५ ग्रॅम आयसिंग शुगर, लिंबाचे दोन-तीन थेंब. कच्चं अंडं नको असेल तर मेरिंग पावडर (सुकवलेल्या पांढऱ्याची पूड) वापरा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत भांड्यातच पापडी धरते, ओलं फडकं झाकून ठेवा. तुकडा प्रवेशाच्या अगदी तोंडावर खाचेत घाला. मुंग्यांना लाइटचं भय नसतं.

नेपथ्य_परभणी: छान! केक कापताना सगळे 'हॅपी बर्थडे' म्हणतात, ते ठेवू ना?

सुईदोरा: काढा. ती चाल १८९३ ची, पण शब्द शाळेतल्या सकाळच्या नमस्काराचे होते. वाढदिवसाचे शब्द छापून आले ते नंतर. टाळ्या पुरेत.