यूटू: तुमच्या मनात राहिलेला क्षण कोणता?

१५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यूटू हा आयरिश रॉक बँड पहिल्यांदाच भारतात वाजवणार होता. ड्रमर लॅरी म्युलन एकटाच चालत गर्दीतल्या छोट्या स्टेजवर आला, ड्रमपाशी बसला आणि 'संडे ब्लडी संडे'चा तो लष्करी ठेका सुरू झाला. माझ्या शेजारचे अनोळखी काका ढसाढसा रडायला लागले. पुढे ए. आर. रहमान मुलींना घेऊन आले, 'अहिंसा' हे गाणं झालं, पण मला आठवतात ते काकाच. जे तिथे होते, जे नव्हते, सगळ्यांनी लिहा.

*

मला जमलं नाही जायला. माझा क्षण घरातला आहे. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' महिनाभर गिटारवर घोटत होतो. सूर बरोबर, पण यूटूचा गिटारवादक एज याची ती झुळझुळ काही येईना. मित्राचा जुना डिले पेडल (वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र) आणला, तरी नाही. बाबा तबला वाजवतात. बाजूला बसून मांडीवर ताल धरत मूळ गाणं ऐकलं आणि म्हणाले, "तुझा पडसाद बरोबर मात्रेवर पडतोय. त्याचा पाऊण मात्रेवर येतोय." नॉब जरा मागे घेतला. मी वाजवत होतो अर्ध्या मात्रेचे साधे सूर, आणि मधल्या प्रत्येक फटीत एकेक सूर आपोआप येऊन बसत होता! अंगावर काटा आला. सुरुवात सहाच्या चालीत आहे आणि नंतर ती चारात वळते, हेही बाबांनीच पकडलं. त्यांनी त्याआधी रॉक कधी ऐकलं नव्हतं.

*

मी २०१३ साली डब्लिनला आलो. पहिला हिवाळा, दुपारी चारलाच अंधार, ओळखीचं कुणी नाही. एका रविवारी विंडमिल लेनला गेलो. तिथल्या स्टुडिओत यूटूचे सुरुवातीचे अल्बम झाले, आणि जगभरच्या चाहत्यांनी बाहेरची भिंत लिहून भरवून टाकली होती. मीही मार्करने देवनागरीत आईचं नाव लिहिलं. २०१५ मध्ये इमारत पाडली. इथे राहून एक गोष्ट फार जवळची वाटते: १९७६ मध्ये १४ वर्षांच्या लॅरीने शाळेच्या सूचनाफलकावर बँडसाठी चिठ्ठी लावली, पोरं त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात जमली, आणि त्यांतले चौघे अजून एकत्र आहेत.

*

त्या काकांचं रडणं मला कळतं. मी इतिहास शिकवते. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला, त्या दिवशी १३ जण गेले. 'संडे ब्लडी संडे' त्यावरच आहे, पण ते सूड मागत नाही. १९८३ मध्ये यूटूचा गायक बोनो ते गाणं पांढरा झेंडा हातात घेऊन गायचा. पुढे मे १९९८ मध्ये, तिथल्या शांतता कराराच्या सार्वमताला तीन दिवस असताना, बेलफास्टच्या स्टेजवर त्याने जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल या दोन बाजूंच्या नेत्यांचे हात धरून उंचावले. तो फोटो मी दर वर्षी वर्गात दाखवते.

*

माझं गाणं 'वन'. हॉस्टेलवर रूममेटशी दोन महिने अबोला होता. बर्लिनमध्ये बँड फुटायच्या बेतात असताना हे गाणं सापडलं, हे मला फार नंतर कळलं. त्या रात्री लाइट गेले होते. तिने काही न बोलता एक इअरफोन माझ्याकडे सरकवला.